बांधावरचा फड्या निवडुंग खायचा कसा?

प्रश्न : आमच्या बांधावर फड्या निवडुंग आहे. कोवळ्या फड्यांची भाजी होते म्हणतात. फडा कोणता घ्यावा? एकदा केली तर नुसती बुळबुळीत झाली. (एक वाचक, मोहोळ)

उत्तर : आधी झाड ओळखा. मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो थोर, त्रिधारी किंवा शेर. त्याच्या वाटेला जाऊ नका. चीक तोंड-पोट पोळतो आणि डोळ्याला घातक असतो. फड्यातून फक्त पाण्यासारखा चिकट रस येतो.

तळहाताएवढा पोपटी फडा घ्या. त्यावर बारीक टोकदार पानं अजून टिकून असली तर तो कोवळा. ती गळून काटे टणक झाले की आत धागे धरतात. पहाटेचा फडा जास्त आंबट लागतो, कारण झाड रात्री आम्ल साठवतं. दुपारनंतर काढलात तर आंबटपणा बराच उतरलेला असतो.

मोठे काटे दिसतात तरी. खरा त्रास त्यांच्या बुडाशी असलेल्या कुसळांचा. चिमट्यात धरून दोन्ही बाजू गॅसवर फिरवा, मग सुरीने काट्यांचा एकेक डोळा खरवडा आणि कडा कापून टाका. कापडी हातमोजे नकोत, कुसळं त्यात अडकून पुढे टोचत राहतात.

आता तार, म्हणजे बुळबुळीतपणा. चार फड्यांच्या बोटभर पट्ट्या करा, अर्धा चमचा मीठ लावून कोरड्या कढईत मध्यम आचेवर टाका. झाकण ठेवू नका. तुमची चूक बहुधा इथेच झाली असावी. आधी भरपूर चिकट पाणी सुटेल, बारा-पंधरा मिनिटांत ते आटून पट्ट्या मेंदीसारख्या मळकट हिरव्या होतील. मग तेल, मोहरी, लसूण, कांदा, आणि शेवटी दोन चमचे आपली शेंगाचटणी. चटणीत मीठ असतंच, चव बघूनच वरून घाला. चिंच-आमसूल नको. मुतखडा होणाऱ्यांनी ही भाजी टाळावी, यात ऑक्झॅलेट असतं.

प्रश्न : फड्या निवडुंगाच्या लाल बोंडांचं सरबत तपकिरी झालं, वर कचकच लागली. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : रस उकळलात. हा रंग बिटाच्या जातीचा, उष्णतेने जातो. बोंडं जाळावर फिरवून, धुऊन, सोला. मिक्सरला लावू नका, बिया फुटतात. गर हाताने कुस्करा आणि दुहेरी कापडातून गाळा, म्हणजे राहिलेली कुसळंही अडकतील. एक कप रसाला दीड कप साखर व अर्धा कप पाणी यांचा पाक करा, तो पूर्ण गार झाल्यावर रस आणि दोन चमचे लिंबूरस मिसळा. फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर आंबतं. पिऊन लघवी लालसर झाली तर घाबरू नका. बोंडं नुसती खाल्ली तर बिया फार गिळू नका, मलावरोध होतो.

प्रश्न : बिनकाट्याचा फडा लावला, कुजला. (एक वाचक, मंगळवेढा)

उत्तर : ताजा कापलेला लावलात आणि तोही काळ्या जमिनीत. काप सावलीत दहा-पंधरा दिवस सुकू द्या, मुरमाड उतारावर एक तृतीयांश पुरा. पहिले काही दिवस पाणी नको. पुढे फड्यावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला, तर तो कोचिनील किडा. भाजीसाठी तो फडा घेऊ नका. थोडे असतील तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा.