कुरतडलेलं पान म्हणजे रोग नव्हे
(वाचकांचे प्रश्न : अंगण आणि बाग)

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. पाचगावात आम्ही नुकतंच घर बांधलं. पुढं आणि बाजूला मिळून अर्धा गुंठा जागा मोकळी आहे. जमीन मुरमाड. मिस्टर म्हणतात, पेव्हिंग ब्लॉक टाकू, कडेनं लॉन करू. स्वच्छ दिसेल आणि सापकिरडूची भीती नाही. मला पाखरं-फुलपाखरं येतील अशी बाग हवी आहे. फुलपाखरं येतात म्हणून घाणेरी लावावी असं शेजारीण सांगते. कढीपत्ता लावला, तर अळ्यांनी पानं कुरतडली. माळी म्हणतो, औषध मारतो. काय करू?
– एक वाचक, पाचगाव

उत्तर : ताई, आधी माळ्याला थांबवा, बाकीचं सावकाश बोलू.

कढीपत्त्यावरच्या त्या अळ्या बहुतेक कॉमन मॉर्मन नाहीतर लिंबाच्या फुलपाखराच्या असणार. उद्या सकाळी कोवळा शेंडा हातात धरून नीट बघा. मोहरीहून लहान, पिवळसर, गोल अंडं पानाला चिकटलेलं सापडेल. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला अगदी पाखराची शीट पडल्यासारखी दिसते, तपकिरी आणि मधे पांढरट, म्हणजे तिच्यावर कुणाची चोच पडू नये. मोठी झाली की हिरवीगार होते. गवताची काडी हळूच लावून बघा, डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पुढं ती काटकीला रेशमाचा धागा बांधून कोष करते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत तीन-चार आठवडे लागतात. कढीपत्ता एवढ्यानं मरत नाही, पुन्हा फुटतो. फोडणीला कमी पडत असेल तर आणखी एक रोप लावा.

नर्सरीवाले फुलपाखरांसाठी म्हणून फुलझाडंच देतात. फुलावर फुलपाखरू मध प्यायला टेकतं आणि निघून जातं. ते वस्तीला राहतं अळीचं अन्न असेल तिथं, आणि हे अन्न जातीजातीला ठरलेलं असतं. रुईवर प्लेन टायगर, बहाव्यावर पिवळट-पांढरे एमिग्रंट, सीताफळावर हिरव्या ठिपक्यांचा टेल्ड जे. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. ते बघायला राधानगरीच्या जंगलातच जायला हवं असं नाही, शहरातल्या बागांतही येतं. एक लिंबू लावाच.

पाखरांचंही तेच. दाणे टिपणारी चिमणी, मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना किडे-अळ्याच भरवतात. बावड्यात माझ्या मागच्या दारी शिंपी पक्ष्यानं घरटं केलं होतं. पानाच्या कडेला चोचीनं बारीक भोकं पाडायची, त्यातून कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा ओढून घ्यायचा, कडा जुळवायच्या, सगळं मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. पिलं झाल्यावर ती दोघं दिवसभर अळ्या घेऊन ये-जा करायची. अंगणात औषध मारलं असतं तर त्या पिलांना काय मिळालं असतं? जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण (कापसासारखी दिसणारी कीड) पडला तर पाण्याची जोरदार धार मारा. त्याहून कडक काही मला कधी लागलं नाही.

आता मुरमाचं. मुरूम म्हणजे नापीक असं धरून लोक ट्रॉलीभर काळी माती आणून ओततात. आपल्याकडच्या डोंगरउतारावरची झाडं मुरमातच वाढलेली आहेत. धायटी आणि निर्गुडी तुमच्या जमिनीत आनंदानं येतील. धायटीला उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलं येतात, तेव्हा तिच्यावरून शिंजीर हलत नाही. कुंपणाला कोरांटी लावा. लिंबू, पेरू आणि सीताफळाला मात्र दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या आणि शेणखत, माती मिसळून भरा. मृगाचा पाऊस मुरला की लावणी करा. बहावा एकच, कोपऱ्यात, भिंतीपासून लांब. मोठी झाडं याहून जास्त नकोत, ऊन अंगणात यायला हवं.

झाडांच्या बुडाशी पाचट पसरा. ऊस तुटला की ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक भारा मागून घ्या, नाहीतर बऱ्याच ठिकाणी ते पेटवूनच देतात. पाचटाखाली ओल धरते, गांडुळं येतात, आणि मग सातभाईंचा थवा पानं उलटीपालटी करत गोंगाट घालतो. स्वतःच्या झाडाचा पालापाचोळाही जाळू नका, तिथंच राहू द्या.

ब्लॉक गाडी लावायच्या जागेपुरते घाला. लॉनचा हट्ट सोडा असं मी मिस्टरांना मनापासून सांगेन. त्याला उन्हाळाभर पाणी लागतं, सारखं कापावं लागतं, आणि त्यात पाखरांना मिळत काहीच नाही. त्या जागेत पावसाळ्यात आपोआप उगवेल ते उगवू द्या. टाकळा येईल. कोवळा असताना त्याची भाजी करा, उरलेल्यावर पिवळी ग्रास यलो फुलपाखरं अंडी घालतील.

घाणेरी लावू नका. तिच्यावर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती परदेशातून आलेली. तिची फळं पाखरं खातात आणि बी डोंगरावर नेऊन टाकतात. तिथं ती झुडपांना आणि गवताला जागाच ठेवत नाही. एका अंगणाच्या हौसेसाठी डोंगरावरच्या गवताचा बळी द्यायचा, हे मला पटत नाही.

सापाची भीती खोटी नाही, पण साप उंदरामागं येतो. बांधकामातले विटांचे ढीग, फरशीचे तुकडे, उघडं खरकटं हटवा. दारापासून चार-पाच फुटांत दाट झुडूप नको, रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या. दिसला तर मारू नका, सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा. बिनविषारी धामण तर उंदीरच खाते. आणि कधी कुणाला चावलाच, तर बाहेरचे उपाय न करता थेट कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा.

पाखरांना पाणी मातीच्या उथळ परातीत ठेवा, मधे एक दगड घाला आणि दर दोन दिवसांनी घासून बदला, म्हणजे डास होणार नाहीत.

प्रश्न : राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गॅलरीत सकाळचं ऊन येतं. यात काही होईल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : होईल की. एका कुंडीत कढीपत्ता, एका कुंडीत पानफुटी. पानफुटीच्या जाड पानावर रेड पायरो फुलपाखराची मादी अंडं घालते. अळी पानाच्या आत शिरते आणि मधला गर खात पुढं सरकते. पान उजेडाकडं धरलं तर आत ती हलताना दिसते. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे जरूर दाखवा. पोखरलेली पानं तोडू नका, फुलपाखरू बाहेर पडेपर्यंत धीर धरा.

प्रश्न : आमचं घर पंचगंगेच्या काठाजवळ. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला अंगणात पुराचं पाणी उभं होतं. पपई, लिंबू सगळं गेलं. आता काय लावावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पपईच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही, लिंबालाही नाही, त्यामुळं ती दोन्ही पुन्हा लावायची तर उंच वरंब्यावर. जमिनीत ताम्हण आणि जांभूळ लावा. ताम्हण हे आपलं राज्यफूल, आणि मुळात नदी-ओढ्याच्या काठचंच झाड, चार दिवस पाण्यात उभं राहणं त्याला जमतं. उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी भरतं. जांभळाखाली फळांच्या दिवसांत बुलबुल, कोकीळ आणि रात्री वटवाघळं येतील. रोपं हातभर नकोत, चांगली पुरुषभर उंचीची घ्या आणि पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमाराला लावा, म्हणजे पुढच्या पुरापर्यंत मुळं धरतील. पुरानं आणलेल्या गाळातल्या काचा, प्लास्टिक आधी वेचून काढा.