पहिलं जुनं रिव्हॉल्व्हर घेताना

भावा, हौस झकास आहे, पण आधी परवाना, मग रिव्हॉल्व्हर. कुठला बोअर (नळीच्या आतला व्यास, इंचात) चालतो तेही बघ. पहिल्या महायुद्धातली .४५५ ची वेब्ली मार्क ६ आणि नंतरचं .३८ चं एन्फील्ड, दोन्ही आपल्याकडे प्रतिबंधित बोअरात मोडतात. त्यांच्या नादी लागू नकोस. त्याच घराण्यातली .३२ ची वेब्ली मार्क ४ शोध; तीही त्या दोन्हींसारखी मधून दुमडून उघडते. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून स्वस्त दिसलं की उचललं, असं करू नकोस.

हातात आलं की:

- विक्रेत्याने सांगितलं तरी रिकामं आहे का ते स्वतः बघ.
- नळी उजेडाकडे धर. आत गंजाचे खड्डे दिसले तर किंमत पाड किंवा सोड.
- रिव्हॉल्व्हर मिटवून खिट्टी (दुमडणारे दोन भाग जोडून धरणारी कडी) बंद कर आणि नळी वर-खाली हलव. इथं खेळ आला असेल तर अजिबात घेऊ नकोस. या बनावटीचं खरं दुखणं हेच.

आणि पॉलिश करू नकोस! मी पहिल्याला पॉलिश पेपर मारला, जुने शिक्के पुसून गेले. अजून हळहळ वाटते. कापड आणि तेलाचा पातळ हात पुरे.

चालवायचं असेल तर जाणत्या कारागिराकडून तपासून, आणि फक्त नेमबाजीच्या रेंजवर. तोवर आपल्या कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजला जाऊन एअर पिस्तुलावर हात बसव. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या गावात शिकवणाऱ्यांची वानवा नाही.

अर्ज भरताना अडलास तर बिनधास्त विचार.