‘मी सांगितले नाही, म्हणून तिच्या रक्ताचा जाब मला द्यावा लागेल का?’

आपल्या ओळखीची एखादी व्यक्ती प्रभू येशूविषयी काहीच न ऐकता हे जग सोडून गेली, तर देव आपल्याला त्याचा जाब विचारील का, हा प्रश्न समुपदेशनाच्या खोलीत मला वारंवार ऐकायला मिळतो. व्यासपीठावरून मात्र त्याची मोकळी चर्चा क्वचितच होते. हा प्रश्न घेऊन येणारी माणसे बहुधा मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, सर्वांत नियमित असतात. उपासनेला वेळेवर येणारी, दशांश न चुकवणारी, शब्बाथशाळेत वर्षानुवर्षे शिकवणारी ही माणसे इतरांना स्वस्थ दिसतात आणि आत मात्र रात्र-रात्र जागी असतात. निष्काळजी माणसाला हा प्रश्न पडत नाही, ही गोष्ट मी त्यांच्यासमोर सुरुवातीलाच मांडते. परंतु तेवढ्याने कोणाचे समाधान झालेले मी पाहिलेले नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका परिचारिकेचा अनुभव येथे सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यास त्यांची संमती आहे. त्यांना मी सिस्टरच म्हणेन, कारण त्यांच्या मंडळीतही सारे त्यांना त्याच नावाने हाक मारतात. वय चाळिशीच्या पुढचे, पती शिक्षक, दोन मुले, नोकरी एका मोठ्या रुग्णालयाच्या स्त्रियांच्या वॉर्डात. त्यांची आजी जुन्या काळच्या मिशनमध्ये बायबल वूमन, म्हणजे बायकांमध्ये सुवार्तेचे काम करणारी सेविका होती आणि खेडोपाडी फिरून बायकांना अक्षरओळख करून देत असे. घरात त्या आजीच्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या गेल्या होत्या, की नातीने तिच्या तोडीचे काही केले नाही, हे वाक्य कोणी उच्चारले नाही तरी सिस्टरांना ते ऐकू येत असे.

त्यांच्या मंडळीत काही काळापूर्वी सुवार्ता, म्हणजे येशूच्या तारणाचा संदेश, इतरांना सांगण्यासाठी सुवार्ता संघ सुरू झाला होता. संघाचे चालक तरुण आणि तळमळीचे होते. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत शेवटी प्रत्येकाने उभे राहून या आठवड्यात आपण कोणाकोणाला सुवार्ता सांगितली ते सांगायचे, अशी पद्धत त्यांनी घातली. कोणी रिक्षावाल्याचे सांगे, कोणी शेजारणीचे, कोणी एसटीत भेटलेल्या प्रवाशाचे. सिस्टरांची पाळी आली की त्या ‘प्रार्थना करते आहे’ एवढेच म्हणून खाली बसत. एका शुक्रवारी बायबलमधील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकातील पहारेकऱ्याचा उतारा वाचला गेला. तलवार येताना पाहूनही पहारेकऱ्याने कर्णा वाजवला नाही आणि कोणी मेला, तर त्याच्या रक्ताचा जाब पहारेकऱ्याला द्यावा लागेल, असा त्याचा आशय आहे. त्याच आठवड्यात सिस्टरांच्या वॉर्डातील एक वृद्ध बाई वारल्या होत्या.

माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची झोप जवळजवळ गेलेली होती. औषधांची फेरी चालू असताना प्रत्येक खाटेपाशी ‘हिला सांगितले नाही’ हा विचार उठे, मग हातातली नोंद पुन्हा तपासावी लागे आणि फेरी लांबत जाई. ड्यूटी संपल्यावर गेटपर्यंत जाऊन त्या परत वॉर्डात येत, एखाद्या रुग्णाशी बोलायचे ठरवत आणि न बोलताच निघत. रात्री त्याच एका पापाची कबुली त्या देवापाशी पुन्हा पुन्हा देत. पतीला आणि पाळकसाहेबांना ‘मला क्षमा झाली असेल का?’ असे विचारत. ‘झाली आहे’ असे उत्तर मिळाले की तासभर बरे वाटे.

अशा वेळी बायबलमधील दुसरी वचने समोर ठेवून वाद जिंकण्याचा मोह होतो. तो मी टाळते, कारण धास्तावलेले मन प्रत्येक वचनाला आणखी एका वचनाने उत्तर देते. मी आधी त्या वृद्ध बाईंविषयी विचारले. त्या कोण होत्या, कुठल्या होत्या, शेवटच्या रात्री काय काय घडले, हे सगळे सावकाश सांगायला लावले. सिस्टरांना हे अनावश्यक वाटले. त्यांच्या मते सांगण्यासारखे एकच होते आणि ते घडलेच नव्हते.

तरीही त्या बोलत गेल्या. बाई पारनेरकडच्या, गळ्यात तुळशीची माळ, हृदय अगदी थकलेले. सून गावाहून निघाली होती आणि पोचायची होती. सिस्टरांनी दोनदा फोन करून ती कुठवर आली ते बाईंना सांगितले, ओठ ओले केले, उशी बदलली. पहाटेच्या सुमारास खाटेशेजारी उभ्या असताना त्यांचे ओठ हलत होते. ते पाहून बाई म्हणाल्या, “काय पुटपुटती गं बाई?” सिस्टर म्हणाल्या, “प्रार्थना करते आजी, तुमच्यासाठी.” त्यावर बाई म्हणाल्या, “कर की मग. मोठ्यानं कर, मलाबी ऐकू दे.” सिस्टरांनी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे तेविसावे स्तोत्र शेवटपर्यंत म्हटले. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. सून आली तेव्हा त्या शुद्धीवर होत्या, सकाळी गेल्या.

हे सांगून झाल्यावर सिस्टर लगेच म्हणाल्या, “पण मी तिला तारणाविषयी काहीच विचारले नाही, ताई.” शुक्रवारच्या सभेत उभे राहून सांगायचे तर रुग्णाला आमंत्रण दिले, सुवार्तेची पत्रिका दिली, निर्णय विचारला, असे काहीतरी हवे होते, एका वारकरी बाईने स्वतःहून मागितलेली प्रार्थना त्या साच्यात बसत नव्हती, आणि म्हणून ती घडल्याचे सिस्टरांच्या मनानेच पुसून टाकले होते. मी एवढेच विचारले की, त्यांच्या आजीने खेड्यात जाऊन पहिल्या दिवशी काय केले असेल. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आजी आधी त्यांची पोरं न्हाऊ घालायची.”

येथे थोडे इतिहासाविषयी, कारण सिस्टरांचे ओझे अर्धे इतिहासातून आले होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे घातले, त्यानंतर तेथे शाळा निघाल्या आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. पुढे ज्या बायबल वूमन गावोगाव गेल्या, त्यांचे काम नीट पाहिले तर सुवार्ता सांगणे हा त्यांच्या दीर्घ सहवासाचा एक भाग होता. नगरच्याच रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत आल्या नाहीत. त्यांचा निर्णय काही वर्षांनी झाला आणि तो त्यांचा स्वतःचा होता. घरातल्या माणसालाही इतका काळ लागला, हे मी सिस्टरांना मुद्दाम सांगितले. अनोळखी रुग्णाकडून एका पाळीत निर्णय मिळवण्याची अपेक्षा कोठून आली, याचा विचार त्यांनी स्वतः करावा असे मला वाटत होते.

आणखी एक भेद त्यांना कोणी सांगितलेला नव्हता. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयासारख्या मिशनच्या संस्थेत जो रुग्ण जात असे, तो आपण कोणाच्या दारात आलो आहोत हे जाणून जात असे. सिस्टरांच्या वॉर्डात आलेली बाई उपचारांसाठी आलेली असते, तिच्या नसेत सलाईन असते, उठून जाण्याची तिला सोय नसते आणि समोरची परिचारिका नाराज झाली तर इंजेक्शन उशिरा मिळेल, ही भीती ती बोलून दाखवत नसली तरी तिच्या मनात असू शकते. अशा माणसासमोर आपणहून धर्माचा विषय काढणे आणि त्याने विचारल्यावर उत्तर देणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायात, तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असा आणि ते सौम्यतेने द्या, असेच सांगितले आहे. तेथे आधी विचारणारा आहे. कायद्याचीही जाण असावी. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि १९७७ च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, या प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे स्पष्ट केले आहे. काही पाळकांना हा निकाल अडचणीचा वाटतो. मला तो रुग्णाच्या खाटेपुरता तरी योग्यच वाटतो.

यहेज्केलचा उतारा आम्ही तिसऱ्या भेटीत वाचला, त्याआधी नाही. तो संपूर्ण वाचला आणि त्याच्या आजूबाजूचाही वाचला. यहेज्केल बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासात खबार नदीकाठी राहणाऱ्या आपल्याच लोकांमध्ये होता आणि पहारेकरी म्हणून त्याची नेमणूक इस्राएलाच्या घराण्यासाठी झाली होती. ज्यांना देवाचा करार ठाऊक होता आणि तरीही जे अन्याय करीत होते, त्यांना त्याने इशारा द्यायचा होता. त्याच पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात बापाच्या पापाचा भार मुलावर आणि मुलाच्या पापाचा भार बापावर येणार नाही, ज्याचे त्याने भोगावे, हे ठासून सांगितले आहे. प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीतील वडीलधाऱ्यांना ‘मी सर्वांच्या रक्ताविषयी निर्दोष आहे’ अशा अर्थाचे उद्गार काढले, त्याआधी तो तीन वर्षे त्यांच्यामध्ये राहिला होता, असे प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय सांगतो. आणि करिंथकरांना लिहिताना तोच म्हणतो की, मी लावले, अपुल्लोस या सहकाऱ्याने पाणी घातले, पण वाढ देवाने दिली. आठवड्याच्या हिशेबात यांतील शेवटची गोष्ट कोणाच्या नावावर लिहायची, हा प्रश्न सिस्टरांनीच काढला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. या उताऱ्यांवर पाळकसाहेबांशी बोलून घ्यावे असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी तसे केले. समुपदेशक म्हणून मला दिसत होते ते निराळे होते. सिस्टरांना त्या बाईंचे दुःख झाले होते. वॉर्डात मृत्यू झाला की खाट धुवायची, चादर बदलायची आणि पुढचा रुग्ण घ्यायचा, या क्रमात त्या दुःखाला जागाच मिळाली नव्हती. दुःखाला वाट मिळेना, तेव्हा त्याने अपराधाचे रूप घेतले. अपराधाला निदान कबुली देता येते, प्रायश्चित्त घेता येते, काहीतरी करता येते. त्या बाईंसाठी रडून घ्या, असे मी त्यांना म्हणाले. ते त्यांना यहेज्केलपेक्षा कठीण गेले.

सुवार्ता संघाबद्दल माझे मत कडक आहे आणि ते मी लपवत नाही. चालकांच्या तळमळीवर मला शंका नाही. परंतु उभे राहून आकडा सांगण्याच्या पद्धतीत जे बोलके आहेत ते आणखी बोलके होतात, जे भिडस्त आहेत ते खोटे बोलायला शिकतात किंवा आजारी पडतात, आणि ज्यांच्याविषयी हे सगळे सांगितले जाते तो रिक्षावाला किंवा ती शेजारीण हळूहळू केवळ नोंद होऊन बसते. सिस्टरांनी पाळकसाहेबांमार्फत हे चालकांच्या कानावर घातले. चालक आधी दुखावले. काही आठवड्यांनी सभेत प्रश्न बदलला: आता ज्याला वाटेल त्याने, आठवड्यात आपल्याला कोणी मदत मागितली आणि आपण काय केले, ते सांगायचे, न सांगितले तरी चालते. संघातील दोन तरुण आता शनिवारी रुग्णालयाबाहेर थांबून दूरच्या नातेवाइकांना गावाची एसटी, रक्तपेढी, औषधाचे दुकान दाखवतात. कोणी विचारले तर आपण कोणत्या मंडळीचे ते सांगतात. बरेच जण विचारतात, असे ऐकते.

सिस्टरांच्या उपचाराचा भाग मात्र एवढ्याने संपला नव्हता. एकाच पापाची कबुली पुन्हा पुन्हा द्यावीशी वाटणे, क्षमा झाल्याची खात्री दुसऱ्याकडून घेत राहणे, ती मिळाल्यावर थोडा वेळ बरे वाटून परत तीच शंका उठणे, आणि यात कामावर व झोपेवर परिणाम होणे, ही लक्षणे केवळ आध्यात्मिक समजून सोडू नयेत. धार्मिक विषयाभोवती फिरणारा हा मंत्रचळाचा (ओसीडीचा) प्रकार असू शकतो आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे परिणामकारक उपचार आहेत. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. काही महिने औषध आणि आमच्या भेटी असे दोन्ही चालले. प्रार्थना बंद करायला मी सांगितले नाही. रात्रीची कबुली एकदाच, ठरलेल्या वेळी, आणि मग दिवा मालवायचा, एवढे आम्ही ठरवले.

घरच्यांना आणि पाळकांना यात सर्वांत अवघड काम करावे लागते. ‘मला क्षमा झाली असेल का?’ असे तिने दहाव्यांदा विचारले, की प्रेमापोटी दहाव्यांदा ‘झाली’ म्हणावेसे वाटते, आणि तेच उत्तर त्या शंकेला खाऊ घालते. सिस्टरांच्या पतीशी आणि पाळकसाहेबांशी मी स्वतंत्रपणे बोलले. दोघांनी एकच वाक्य ठरवले: “याचे उत्तर मी तुला दिले आहे, आता चहा घेऊ.” पहिले काही दिवस सिस्टर रागावत. पाळकसाहेबांना तर हे वाक्य म्हणताना फार कानकोंडे होत असे. क्षमेविषयी विचारणाऱ्याला चहा देणे त्यांच्या सेवाकाळात कधी घडले नव्हते. तरी त्यांनी ते पाळले, आणि पावसाळा संपेपर्यंत हा प्रश्न आठवड्यातून एखाद्या वेळीच येऊ लागला.