शरद जोशी शेतकऱ्यांचे नेते असूनही समाजवादाच्या विरोधात का होते?

गरिबांची बाजू घेणारा माणूस समाजवादीच असणार असं आपल्याकडे धरून चालतात, त्यामुळे तुम्हाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. मी कापूस पिकवणाऱ्या घरातला आहे, म्हणून कापसापासूनच सांगतो.

महाराष्ट्र सरकारने १९७१ साली कायदा केला आणि १९७२-७३च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हेतू चांगला होता. व्यापारी आणि अडते शेतकऱ्याला नाडतात, तेव्हा त्यांना मधून काढून सगळा कापूस पणन महासंघाने, म्हणजे राज्याच्या सहकारी खरेदी-विक्री संस्थेनेच घ्यायचा. पण त्यामुळे आपलाच कापूस दुसऱ्या कोणाला विकणं हा शेतकऱ्याचा गुन्हा ठरला. सीमेपलीकडे भाव कितीही चढा असो, गाडी नाक्यावर अडवली जायची. केंद्रावर ग्रेडर लावेल ती ग्रेड मान्य करायची आणि चुकाऱ्यांची, म्हणजे मालाच्या पैशांची, वाट बघायची. ज्या वर्षी बाहेर मंदी असे, त्या वर्षी उलट परराज्यातला कापूस चोरून आत येई आणि तोटा योजनेच्या माथी बसे. काही हंगामांत योजनेने बाजारापेक्षा बरा भाव दिला, हे मी नाकारणार नाही. तरी तोटा साचतच गेला आणि या शतकाच्या सुरुवातीला खासगी खरेदीला वाट मोकळी करून द्यावी लागली. त्याच्या कितीतरी आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने राज्याच्या सीमेपार कापूस नेण्याची आंदोलनं केली होती.

हे असंच का होतं, याचं उत्तर व्हिएन्नाचे अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० सालीच देऊन ठेवलं होतं. जमीन, यंत्रं, कच्चा माल सगळं सरकारचं झालं की त्यांची खरेदी-विक्री थांबते. खरेदी-विक्री नसेल तर भाव ठरत नाहीत, आणि भावाशिवाय हे पोलाद रुळासाठी वापरावं की नांगरासाठी, याचा हिशेब मांडता येत नाही. नियोजन करणाऱ्यांच्या हेतूवर त्यांचा आक्षेप नव्हता. खुर्चीवर संतमाणसं बसवली तरी हिशेबाची अडचण तशीच राहते. पोलंडचे समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी १९३६ साली त्यावर उत्तर दिलं: नियोजन मंडळाने भाव जाहीर करावेत आणि माल तुंबला किंवा कमी पडला की ते बदलत जावेत. त्यावर अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९४५ साली केलेली मांडणी मला सगळ्यात पटते. कोणाच्या शिवारात बोंडं किती धरली, वेचणीला मजूर मिळतात का, कुठल्या जिनिंगला कसला धागा हवा आहे, ही माहिती लाखो माणसांत विखुरलेली असते आणि रोज बदलते. ती गोळा करून राजधानीत पाठवता येत नाही. ती फक्त भावातून एकाकडून दुसऱ्याकडे पोचते. तो भावच कोणी गोठवला, तर सगळे अंधारात चाचपडतात.

शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे जागतिक टपाल संघात नोकरीला होते. ती सोडून १९७०च्या दशकात ते भारतात परतले आणि चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. त्यांनी या विचारात शेतकऱ्याच्या बाजूने एक गोष्ट जोडली: गोठवलेल्या भावाची किंमत कोण मोजतं? रशियात १९२०च्या दशकात साम्यवादी अर्थतज्ज्ञ प्रेओब्राझेन्स्की यांनी उघडच मांडलं होतं की उद्योगांचं भांडवल शेतीतून काढावं लागेल, म्हणून शेतमाल स्वस्त आणि कारखान्याचा माल महाग ठेवावा. स्टालिनने पुढे जमिनीच ताब्यात घेतल्या आणि १९३२-३३च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. आपल्याकडे तसा रक्तपात झाला नाही, पण लेव्ही (सरकारला ठरलेल्या भावाने सक्तीने माल देणं), राज्याबाहेर माल नेण्यावरची बंदी, निर्यातबंदी यांनी शेतीतून उद्योगाकडे पैसा वळवण्याचं काम केलंच. १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर अर्थतज्ज्ञ बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवलं होतं. ते ऐकलं गेलं नाही.

मग संघटना रास्त भाव मागत होती, हा समाजवादच नाही का, असं तुम्ही म्हणाल. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा नीट वाचा. सरकारने खिशातून द्यावं, अशी ती मागणी नव्हती. भाव पाडू नका, एवढंच म्हणणं होतं. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींत १९८६ ते १९८८ या पायाभूत वर्षांचे आकडे भारत सरकारने स्वतःच दिले, तेव्हा पिकांना मिळणारं भावाचं संरक्षण उणे निघालं, म्हणजे शेतकऱ्याला जगाच्या बाजारापेक्षा कमी भाव मिळत होता. शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत ते हेच, आणि म्हणूनच याच वाटाघाटींतल्या, शेतमालाचा व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूने ते ठामपणे उभे राहिले.

एक आक्षेप मात्र मला खरा वाटतो आणि बाजारवादी मंडळी तो फार घाईने उडवून लावतात. कर्जात असलेल्या शेतकऱ्याला माल थांबवून ठेवता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर मिळेल त्या भावाने तो विकतो, आणि कागदावरचं स्वातंत्र्य तिथे उपयोगी पडत नाही. गोदाम, माल तारण ठेवून मिळणारं कर्ज, खरं वजन, वेळेवर पैसे यांची हमी लागते आणि त्यात सरकारला काम आहे. परदेशातली सबसिडीही खरी आहे. अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत जिंकला, तरी ती लगेच थांबली नाही.

पण कांद्याचं बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये बंदीच आली आणि ती मे २०२४ पर्यंत टिकली. हे करणारं सरकार स्वतःला समाजवादी म्हणवत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या ज्या शेतकऱ्याने चाळीत कांदा साठवून चार महिने जोखीम घेतली होती, त्याला कोणी विचारलंही नाही. सरकारला साठ्यावर मर्यादा घालू देणारा आवश्यक वस्तूंचा १९५५चा कायदा २०२० साली थोडा सैल झाला होता, २०२१च्या शेवटी तो पुन्हा पहिल्यासारखा झाला.