वाचक विचारतात : जहागिरीचा वारस, हातात कॅमेरा

प्रश्न : पंचवटीत आमचा फोटो स्टुडिओ आहे आणि लग्नसराईत गंगापूर रोडवरच्या लॉन्समध्ये आमची बरीच कामे असतात. 1981 साली युवराज चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नाचे अधिकृत फोटो एका लॉर्डने काढले होते, असे माझे वडील सांगत. घरची जहागीर असताना हा माणूस आमच्यासारखा व्यवसाय का करीत होता? राजकन्या मार्गारेट यांचे फोटोग्राफर पती ते हेच का? एवढ्या मानकऱ्यांचा ग्रुप फोटो त्यांनी कसा जमवला असेल? आता स्टुडिओ सांभाळणारी माझी मुलगी विचारते, की त्यांच्यामागे पदवी कोणाकडे गेली?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपल्या वडिलांची माहिती अचूक आहे. ते फोटोग्राफर म्हणजे पॅट्रिक लिचफिल्ड, लिचफिल्डचे पाचवे अर्ल (अर्ल ही तिकडच्या उमरावांची एक पदवी). राजकन्या मार्गारेट यांचे पती मात्र वेगळे. त्यांचे नाव अँटनी आर्मस्ट्राँग-जोन्स. दोघांची गल्लत नेहमी होते, कारण दोघेही लंडनचे नामांकित फोटोग्राफर आणि दोघांचीही राजवाड्यात ऊठबस. आर्मस्ट्राँग-जोन्स आधी फोटोग्राफर होते, 1960 साली ते राजघराण्याचे जावई झाले आणि पुढच्या वर्षी त्यांना अर्ल ऑफ स्नोडन ही पदवी मिळाली. लिचफिल्ड यांच्याकडे पदवी वारशाने आली आणि कॅमेरा त्यांनी स्वतःहून धरला.

जहागिरीचे म्हणाल, तर तीच त्यांच्या हातात पुरती राहिली नव्हती. ॲन्सन हे त्यांचे घराणे. अठराव्या शतकात जॉर्ज ॲन्सन या दर्यावर्दी सेनानीने 1740 ते 1744 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत चांदीने भरलेले एक स्पॅनिश जहाज पकडले आणि त्या लुटीने तो श्रीमंत झाला. त्या पैशातला मोठा वाटा स्टॅफर्डशायरमधील शगबरो या वाड्याच्या वैभवात गेला. तो वाडा जॉर्जचा थोरला भाऊ टॉमस याने वाढवला आणि सजवला. याच घराण्यातले लिचफिल्डचे पहिले अर्ल हे 1840 साली इंग्लंडात एका पेनीत पत्र पोहोचवणारी टपालयोजना सुरू झाली तेव्हा टपालखात्याचे प्रमुख होते. पण जुगारापायी त्यांच्यावर इतके कर्ज झाले, की 1842 मध्ये शगबरोमधील सामानसुमानाचा लिलाव पुकारावा लागला.

पॅट्रिक यांचा जन्म 25 एप्रिल 1939 चा. वडील 1958 मध्ये वारले, 1960 मध्ये आजोबाही गेले आणि एकविसाव्या वर्षी नातू अर्ल झाला. आपल्या जुन्या नाशकात वाड्याची वाटणी झाली, की एका भावाकडे ओसरी, दुसऱ्याकडे माजघर आणि आडावर सगळ्यांचा हक्क, असे होऊन वाडा तुकड्यातुकड्यांनी संपतो. इंग्रज उमरावांत सारी मालमत्ता बहुधा थोरल्या मुलाकडे जात असल्यामुळे वाडा अखंड राहतो, पण तिथे वाटेकरी म्हणून सरकार उभे राहते. त्या काळी तिथल्या मृत्युकराचा सर्वांत वरचा दर 80 टक्के होता. (आपल्याकडेही 1953 ते 1985 या काळात असा कर होता, हे तरुण वाचकांना कदाचित ठाऊक नसेल.) हा कर भागवण्यासाठी शगबरो नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे सोपवले गेले आणि लिचफिल्ड आपल्याच पूर्वजांच्या घरात भाडेपट्ट्याने काही दालने घेऊन राहू लागले. कमावण्याची त्यांना गरज होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही.

हॅरो शाळा, सँडहर्स्टची लष्करी प्रबोधिनी आणि ग्रेनेडियर गार्ड्स ही खानदानी वाट चालून झाल्यावर 1962 मध्ये त्यांनी लष्कर सोडले आणि फोटोग्राफरच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम धरले. पुढे 'व्होग' या फॅशन मासिकासाठी काम करताना त्यांनी राज्यत्याग केलेले ड्यूक ऑफ विंडसर आणि त्यांच्या पत्नी यांचे फोटो काढले. त्या वेळी ते वेताच्या खुर्चीवर उभे राहिले आणि खुर्चीची बैठक फाटून पाय आरपार गेला, तेव्हा सदा गंभीर दिसणारे ते जोडपे खळखळून हसले. नेमका तोच क्षण त्यांनी टिपला. 1971 मध्ये फ्रान्समधील सेंट-ट्रोपे येथे रॉक गायक मिक जॅगर यांच्या लग्नात तर वधूला हात धरून आणण्याचा पित्याचा मानही त्यांनीच निभावला.

राजघराण्याशी त्यांचे नाते आपल्या हिशेबाने चटकन समजते. त्यांची आई ॲन ही राजमाता एलिझाबेथ यांच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे राणी एलिझाबेथ यांची मामेबहीण. त्यामुळे राणी त्यांची मावशी लागत आणि युवराज चार्ल्स मावसभाऊ. आई-वडिलांचा घटस्फोट 1948 मध्ये झाला आणि आईने पुढे डेन्मार्कच्या राजपुत्र गेऑर्ग यांच्याशी विवाह केला. नात्यामुळे लिचफिल्ड यांना राजवाड्याचे दार उघडे होते, हे मान्यच केले पाहिजे. पण त्या दारातून आत गेल्यावर जे लागते ते नात्याने मिळत नाही, असे मला ठामपणे वाटते.

29 जुलै 1981 रोजी सेंट पॉल्स कॅथीड्रलमधील विधीनंतर बकिंगहॅम राजवाड्यात ग्रुप फोटो काढायचे होते. अनेक देशांचे राजे-राण्या, वधूवरांकडची मंडळी, लहान करवल्या आणि पोशाखाचा मागे लोळणारा 25 फुटांचा शेव सांभाळणारी नववधू यांना थोड्या वेळात रांगेत उभे करणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. आपल्या लग्नांतही आत्याबाई पुढच्या रांगेसाठी अडून बसलेल्या असतात आणि मामा नेमके पंगतीत असतात. लिचफिल्ड यांच्याकडे यावर उपाय होता तो पंचाच्या शिट्टीचा! शिट्टी वाजली, की राजे असोत वा पोरे, सगळे कॅमेऱ्याकडे पाहत. पण त्यांचा त्या दिवसाचा सर्वांत जिवंत फोटो रांगेतला नाही. थकलेली डायना खाली बसली आहे, पोशाखाचा घेर भोवती पसरला आहे आणि सभोवतालची मंडळी हसत आहेत, असा तो फोटो आहे. रांग मोडल्यावर कॅमेरा खाली न ठेवण्याची ही शिस्त आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने उचलावी अशी आहे. फिल्मवर वाढलेल्या या माणसाने डिजिटल तंत्रही लवकर आपलेसे केले आणि 2002 मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवासाठी निवडलेल्या छायाचित्रकारांत ते होते. 11 नोव्हेंबर 2005 रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. शगबरोमधील त्यांची दालने आता लोकांना पाहता येतात.

आता आपल्या कन्येच्या प्रश्नाकडे येतो. लिचफिल्ड यांचा विवाह 1975 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकची कन्या लेओनोरा ग्रोव्हनर यांच्याशी झाला आणि 1986 मध्ये घटस्फोट झाला. त्यांना रोझ, टॉमस आणि एलोइज अशी तीन अपत्ये. रोझ सर्वांत थोरली, तरी पदवी टॉमस यांच्याकडे गेली आणि ते सहावे अर्ल झाले, कारण तिथल्या बहुतेक उमराव पदव्या आजही मुलाकडेच जातात. 2013 च्या कायद्याने राजसिंहासनाच्या वारशात मुलगा-मुलगी हा भेद काढून टाकला, पण उमरावांच्या पदव्यांना तो लागू केला नाही. सिंहासनाला जो न्याय लागू झाला तो अर्लच्या पदवीला का नसावा, याचे पटण्यासारखे उत्तर मला आजवर कुठे वाचायला मिळालेले नाही.