लहान कार्यालयाने मोठ्या कंपन्यांचे क्लाउड सोडून ब्राउझरमध्येच कूटबद्ध होणारी सेवा वापरावी का?

आपण विचारले आहे की, चार-पाच माणसांच्या कार्यालयाने गुगल किंवा मायक्रोसॉफ्टचे क्लाउड सोडून क्रिप्टपॅडसारख्या, ब्राउझरमध्येच चालणाऱ्या आणि गोपनीयतेची हमी देणाऱ्या सेवेकडे वळावे का, आणि रोजच्या कामात ते जमते का. मी सोलापुरात करसल्लागार आहे. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील चादर आणि टॉवेल विणणारे कारखानदार हे माझे बहुतेक अशील. गेली चार वर्षे आमच्या कार्यालयातील काही काम अशा सेवेवर चालते, सगळे नाही. माझे मत असे झाले आहे की, ज्या कागदांत दुसऱ्यांची माहिती आहे ते जरूर हलवावेत, मात्र हलवण्याआधी किल्ली, म्हणजे कूटबद्ध (वाचता न येण्याजोगा केलेला) मजकूर पुन्हा उघडणारा गुप्त संकेत, कोण आणि कशी सांभाळणार हे ठरवून घ्यावे.

मोठ्या कंपन्या आपली माहिती उघड्यावर ठेवतात असा समज असेल तर तो आधी दूर करतो. त्यांच्याकडेही ती कूटबद्ध असते, आणि जीमेलमधील मजकूर तपासून त्यावरून जाहिराती दाखवणे बंद करत असल्याचे गुगलने २०१७ साली जाहीर केले होते. प्रश्न असा आहे की कुलपाची किल्ली त्यांच्यापाशी असते. किल्ली ग्राहकाच्या हाती ठेवण्याची सोय त्यांच्याकडे आहे, पण ती मोठ्या उद्योगांसाठीच्या महाग योजनांत. आपल्यासारख्यांच्या साध्या खात्यात नाही. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड ॲक्टनुसार तेथील कंपनीकडे असलेली माहिती, ती जगात कोठेही साठवलेली असो, कायदेशीर आदेश आल्यास द्यावी लागते. माझ्या अशिलांना अमेरिकी सरकारची भीती नाही. पण हजेरीपत्रकात ज्यांची नावे आहेत त्या कामगारांना कोणीही विचारलेले नाही की तुमचा आधार क्रमांक आणि बँक खाते कोणाच्या हवाली करायचे. तो निर्णय त्यांच्या वतीने मी घेतो, म्हणून तो मला जड वाटतो.

क्रिप्टपॅड ही फ्रान्समधील एक्सविकी या कंपनीने विकसित केलेली मुक्त-स्रोत, म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही पाहता येतो अशी, प्रणाली आहे. तिच्यात आपण लिहिलेला मजकूर आपल्याच संगणकावर, ब्राउझरच्या आत कूटबद्ध होतो आणि मगच सर्व्हरकडे जातो, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्यालाही त्यातले काही वाचता येत नाही. हे ऐकायला सोपे आहे, पण मला ते खऱ्या अर्थाने समजले एका दिवाळीच्या आठवड्यात. आमच्या कार्यालयातील मुलीने एका कारखान्याच्या दिवाणजींना बोनसच्या तक्त्याची लिंक पाठवली, आणि हॅशच्या (#) चिन्हापुढचा लांबलचक, अर्थहीन दिसणारा भाग निरुपयोगी समजून कापून टाकला. दहा मिनिटांत दिवाणजींचा फोन आला, "साहेब, तक्ता कोराच आलाय की हो." त्यांच्यापुढे नवा तक्ता तयार करण्याचे पान उघडले होते, कारण कापून टाकलेला भाग हीच किल्ली होती. वेबपत्त्यातील हॅशच्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला कधी पाठवतच नाही. तो फक्त आपल्या पडद्यावर राहतो आणि कुलूप तेथेच उघडते. सारी रचना या एका गोष्टीवर उभी आहे.

मग ओघानेच दुसरी बाजू येते. पूर्ण लिंक ज्याच्या हाती पडली त्याच्या हाती किल्लीही पडली. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी तीच लिंक, आता पूर्ण, कारखान्याच्या व्हॉट्सॲप गटात टाकली. दोन पाळ्यांतील प्रत्येकाचा पगार आणि खाते क्रमांक संध्याकाळपर्यंत सर्वांसमोर होते. चूक माझी होती. केवळ पाहण्याची लिंक आणि बदल करण्याची लिंक वेगळी असते, त्यावर पासवर्ड लावता येतो, ठरावीक दिवशी दस्तऐवज आपोआप नष्ट व्हावा अशी मुदतही घालता येते, आणि यांपैकी एकही गोष्ट मी केलेली नव्हती. आता पगाराशी संबंधित कोणताही तक्ता पासवर्डशिवाय कार्यालयाबाहेर जात नाही, आणि पासवर्ड लिंकबरोबर न पाठवता फोनवर सांगितला जातो.

पासवर्ड विसरण्याबाबत मात्र आपण पूर्ण गंभीर राहावे, असे मी आग्रहाने सांगतो. "पासवर्ड विसरलात का?" अशी सोय येथे नाही, कारण ती असती तर किल्ली त्यांच्याकडे आहे असा अर्थ झाला असता. क्रिप्टपॅडमध्ये वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड यांच्यापासूनच ब्राउझर किल्ल्या तयार करतो, त्यामुळे नावातले एक अक्षर चुकले तरी खाते उघडत नाही. आमच्याकडील एक सहकारी काम सोडून गेला तेव्हा त्याच्या खात्यातील पाच महिन्यांची हजेरी अशीच कायमची बंद झाली. कारखान्यातील जाड, तेलाचे डाग पडलेल्या हजेरीपुस्तकावरून ती पुन्हा भरायला दोन रविवार गेले. शिवाय नोंदणी न करता केलेले दस्तऐवज क्रिप्टपॅडच्या मुख्य संकेतस्थळावर ९० दिवस कोणी उघडले नाहीत तर काढून टाकले जातात, हेही लक्षात असू द्यावे.

फायली साठवण्यासाठी आम्ही ईमेल सेवाही देणाऱ्या स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन कंपनीची ड्राइव्ह वापरतो. तिच्यात पुनर्प्राप्तीसाठी बारा शब्दांचा संच आधीच काढून ठेवता येतो, त्यामुळे विसराळू माणसांच्या कार्यालयाला ती जास्त मानवते. तेथेही सर्वच झाकलेले राहते असे समजू नये. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशानंतर प्रोटॉनला फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला होता. ईमेलमधील मजकूर त्यांच्यापाशी वाचण्याजोगा नव्हता म्हणून तो देता आला नाही, पण कोण, कोठून आणि केव्हा आले हे कंपनीला कळू शकते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अशा सेवांची खरी कमकुवत जागा वेगळीच आहे. पेटी आपली, किल्ली आपली. पण कुलूप घडवणारा लोहार प्रत्येक वेळी नवे कुलूप आणून लावतो, कारण पान उघडताच कूटबद्ध करणारी प्रणाली त्याच सर्व्हरवरून येते. त्या सर्व्हरचा ताबा कोणी घेतला तर कुलूपच बिघडवून पाठवता येईल. प्रणाली मुक्त-स्रोत असल्याने तिची तपासणी करता येते, आणि स्वतःच्या सर्व्हरवर ती बसवताही येते, परंतु या धोक्याचा पूर्ण इलाज त्यात नाही. आपल्या बाजूने एक गोष्ट नक्की करता येते: अशा कामासाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल ठेवावे आणि त्यात एकही एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) घालू नये, कारण पडद्यावर उघडलेला मजकूर अनेक एक्स्टेन्शनांना वाचता येतो. दुकानातील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर तर ही खाती उघडूच नयेत.

नेक्स्टक्लाउड ही फायली साठवण्याची मुक्त-स्रोत प्रणाली स्वतःच्या संगणकावर बसवावी असा सल्लाही आपल्याला मिळेल. आम्ही तो प्रयत्न केला. मे महिन्यात वीज गेली आणि बॅटरी संपली की सगळे कार्यालय थांबत असे, सुरक्षेची अद्यतने (अपडेट) वेळेवर चढवायला माणूस नव्हता. आठ महिन्यांत ते सोडले. देशी म्हणून झोहोचाही विचार होतो आणि ती चांगली कंपनी आहे, परंतु तिच्या ऑफिस दस्तऐवजांतही किल्ली सामान्यतः कंपनीकडेच राहते, म्हणजे आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत नाही.

काय हलवू नये तेही सांगतो. हजारो ओळींचे जीएसटीचे जुळवणी तक्ते ब्राउझरमध्ये कूटबद्ध होऊन उघडायला फार वेळ घेतात, आणि ज्या याद्या उद्या सरकारी पोर्टलवरच भरायच्या आहेत त्यांच्यासाठी हा खटाटोप करण्याचे कारण नाही. ती कामे आम्ही कार्यालयातील संगणकावरच करतो. कूटबद्ध सेवेवर जातात ती पगारपत्रके, आधार आणि पॅनच्या प्रती, बँकेची विवरणे, आणि दोन अशिलांच्या विनंतीवरून त्यांच्या नव्या चादरींची नक्षी. येथे एका कारखान्याची नक्षी दुसऱ्याच्या मागावर आठवड्याभरात दिसू शकते. गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आपण सुरुवात करणार असाल तर एका अशिलाच्या एकाच फायलीने करावी, आणि पहिल्याच दिवशी नाव, पासवर्ड व ते बारा शब्द कागदावर हाताने लिहून दोन बंद पाकिटांत, दोन ठिकाणी ठेवावेत. आमचे एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये आहे. दर एप्रिलमध्ये, नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की, ते आणून दुसऱ्याच संगणकावर त्यावरून खाते उघडून पाहतो, आणि उघडले तरच पाकिटावर तारीख घालून ते परत ठेवतो.