सेट आणि आपलं बसवणं

सोलापुरात अक्कलकोट रोडवर शिलाईचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांनी विचारलंय: "आमच्याकडं दिवसभर 'सेट' चालतो. मशीन सेट कर, बेडशीटचा सेट बांध, गजर सेट कर, आणि दुपारी डबा खाताना 'थोरला पोरगा पुण्यात सेट झाला'. दुकानाचा दरफलक मराठीत करायचाय. या सेटला मराठीत एक शब्द कोणता? आणि एकाच शब्दाला इतके अर्थ कसे?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

अर्थांची गर्दी म्हणाल तर ती खरोखरच अफाट आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली. त्यातली सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, अर्थ ४३०च्या आसपास. (पुढच्या फेरतपासणीत 'रन' त्याच्या पुढं गेला.) पण घाबरायचं कारण नाही. हे सगळे अर्थ मुळात दोनच बिया रुजून आलेले आहेत.

पहिलं बी क्रियापदाचं. जुन्या इंग्रजीत बसण्याला 'सित्तान' म्हणत, आणि बसवण्याला 'सेत्तान'. म्हणजे सिट हे बसणं आणि सेट हे त्याचं प्रयोजक रूप, बसवणं! मराठीत आपण ही गोष्ट रोज करतो: पडणं-पाडणं, मरणं-मारणं, उठणं-उठवणं, बसणं-बसवणं. इंग्रजीत अशा जोड्या आता थोड्याच उरल्यात. फॉल म्हणजे पडणं आणि झाड तोडून पाडणं ते फेल. लाय म्हणजे पडून असणं, ले म्हणजे ठेवणं. जोड्या विरळ झाल्यामुळं इंग्रज माणसाला सेटमधलं बसणं आता ऐकू येत नाही, म्हणून त्याला ते अर्थ विखुरलेले वाटतात. आपल्या कानाला मात्र ते लगेच ऐकू येतं. अंगठीत खडा सेट करतात, आपण कोंदणात बसवतो. मोडलेलं हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. गाण्याला संगीत सेट करतात, आपण चाल बसवतो. गणपती बसवतो, रूपाभवानीच्या नवरात्रात घरोघर घट बसतात, गॅदरिंगचं नाटक बसवतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो. एखादी वस्तू फार महाग पडली तर इंग्रज म्हणतो, हिनं मला इतक्याला मागं 'सेट' केलं. आपल्या पेठेतला व्यापारी म्हणतो, "हा माल साडेतीनशेला बसला." दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता तोच रस्ता धरलाय, याचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

लहानपणी पूर्वभागात एका यंत्रमागाच्या शेडमध्ये मी तासन्‌तास उभा राहायचो. माग बिघडला की जॉबरमामा यायचे. ते आधी पान्याला हातच लावत नसत. डोळे मिटून नुसता धोट्याचा आवाज ऐकायचे, मग वाकून एक नट पाव वेढा फिरवायचे, परत ऐकायचे. दोन-तीनदा असं झालं की खटखटीला एक लय यायची, आणि मामा म्हणायचे, "आता बघ कसं बसलंय." त्याच शेडमध्ये आज कुणीतरी "लूम सेट झाला" म्हणत असेल. शब्द बदलला, पण आतली कल्पना तीच, तंतोतंत.

आता थोडं घराण्याविषयी. इंग्रजीतले सिट, सेट, सीट, सेटल आणि आपल्या संस्कृतातला सद् हा धातू एकाच प्राचीन मुळातून आलेत. सदन, संसद, परिषद, उपनिषद ही सगळी बसण्याचीच कुळी. गाळाला इंग्रजीत सेडिमेंट म्हणतात, तो शब्दही लॅटिनमधल्या बसण्यावरूनच, आणि आपणही गाळ तळाशी 'बसला' म्हणतो. आपलं बसणं मात्र त्या घरचं नाही. ते उपविश् वरून, जुन्या मराठीतल्या 'बैसणे'मधून आलंय. शब्द वेगळ्या घरचे, संसार सारखाच.

तुमचा पोरगा 'सेट झाला' हे खरं तर 'सेटल'चं तुटकं रूप दिसतं. त्याला आपल्याकडं काय कमी आहे? मार्गी लागला, स्थिरस्थावर झाला, बस्तान बसलं.

दुसरं बी नामाचं, आणि ते साफ वेगळं. चादरींचा सेट, भांड्यांचा सेट, दागिन्यांचा सेट. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि त्याच्या मागं आहे लॅटिन 'सेक्ता', म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. पंथाला इंग्रजीत सेक्ट म्हणतात तो याचाच भाऊ. पुढं उच्चार सारखा झाला, नि दोन अनोळखी माणसं एकाच आडनावानं वावरू लागली. म्हणून मशीनचा सेट आणि बेडशीटचा सेट यांना एक मराठी शब्द शोधत बसू नका, तो मिळायचा नाही.

इंग्रजी सेटचे बसवण्यात न बसणारे अर्थही आहेतच, आणि तिथं मराठी जास्त बारकाईनं बोलते. गजर लावतात, सापळा लावतात, घड्याळ लावून घेतात. पानं मांडतात. प्रश्नपत्रिका काढतात. उदाहरण घालून देतात. दही लागतं. सूर्य मावळतो. कैरी खाल्ल्यावर इंग्रजाचे दात म्हणे 'धारेवर सेट' होतात, आपले आंबतात. यातलं एकेक क्रियापद 'सेट करणे'नं गिळलं की मला वाईट वाटतं. गजर 'सेट केला' म्हणणाऱ्या पोराला गजर 'लावला' हे ऐकून माहीत असतं, तोंडात येत नाही.

पण नामाच्या बाबतीत मी हट्ट धरणार नाही. गणितात संच, पुस्तकांचा संच, बातम्यांत दूरदर्शन संच, हे रुळलेत. चादरीला 'संच' म्हणाल तर गिऱ्हाईक बावरेल. 'जोड' म्हणाल तर तो दोनच चादरी समजेल, कारण आपल्याकडं धोतरजोडी दोनाचीच.

तेव्हा फलकावर खुशाल 'बेडशीट सेट' लिहा, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'एक चादर, दोन अभ्रे'. कारखान्यात मात्र मशीन बसवा, दोरा लावा.